विहीर दिली, वॉशर कोण देणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रमजान जवळ आला की मोबाइलवर एक चित्र हमखास येते. आफ्रिकेतल्या एखाद्या खेड्यात नवा हातपंप, भोवती पिवळे कॅन घेतलेली पोरे आणि बायका, आणि ओट्याच्या भिंतीवर पाटी: अमुक कुटुंबाकडून, आईवडिलांच्या नावे सदका-ए-जारिया. खाली बँक खात्याचा क्रमांक. हे पैसे देणाऱ्यांत महाराष्ट्रातले मुस्लिम वाचक आहेत, आखातात नोकरीला असलेली कोकणातली मंडळीही आहेत. आपल्या कष्टाच्या कमाईतून हजारो मैलांवरच्या अनोळखी माणसाला पाणी पाजावे, याहून चांगली इच्छा कोणती? त्या इच्छेचे चीज व्हावे म्हणूनच हे पत्र. पैसे देण्याआधी काय विचारावे, हे आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत क्वचितच छापून येते.

‘जारिया’ या शब्दाचा अर्थच मुळी वाहते, चालू असलेले. माणूस गेल्यावरही ज्या तीन गोष्टींचे पुण्य त्याला पोचत राहते असे हदीस, म्हणजे प्रेषितांचे वचन, सांगते, त्यांत पहिले हे वाहते दान, दुसरे लोकांच्या उपयोगी पडणारे ज्ञान आणि तिसरे आईबापासाठी दुआ मागणारे अपत्य. मदीनेतली रूमा विहीर पुढे खलिफा झालेले हजरत उस्मान यांनी विकत घेतली आणि सगळ्यांना खुली केली, तेव्हापासून विहिरीच्या दानाला मुस्लिम मनात वेगळे स्थान आहे. पण उघडी विहीर आणि हातपंप यांत मोठा फरक आहे. विहिरीला दोर आणि बादली पुरते. हातपंपाला वॉशर लागतो, तो झिजतो, आणि झिजला की गावाचे पाणी बंद होते.

ग्रामीण पाणीपुरवठ्यात काम करणाऱ्यांच्या एका आंतरराष्ट्रीय संघाने २००९ मध्ये सहाराच्या दक्षिणेकडील २० देशांतली माहिती एकत्र केली होती. कोणत्याही एका वेळी सरासरी ३६ टक्के हातपंप बंद असतात, असा तो अंदाज होता. तो कुणा एका संस्थेच्या पंपांपुरता नव्हता. म्हणजे हा कुणा एका धर्माच्या दानशूरांचा दोष नाही. देणगी बांधण्यासाठी येते, सांभाळण्यासाठी येत नाही, हे सगळीकडे सारखेच आहे.

आपल्याकडे याचा अनुभव जुना आहे. भारतात कठीण खडकात बोअर घेऊन हातपंप बसवायला सुरुवात झाली तेव्हा त्यावर जे ओतीव लोखंडाचे पंप बसवले ते एका घराला पुरतील असे होते, आणि त्यांच्यावर अख्खे गाव पाणी भरायचे. १९७४ मध्ये युनिसेफने पाहणी केली तेव्हा चारांतले तीन पंप बंद सापडले. उत्तर महाराष्ट्रातूनच निघाले होते. जालन्याच्या मिशनमध्ये एक मजबूत पंप तयार झाला होता, त्यावरून सोलापुरात पुढची सुधारणा झाली आणि ‘सोलापूर पंप’ म्हणून तो ओळखला गेला. हँडलचा जोर रॉडवर सरळ उभा पोचावा म्हणून त्यात साखळीची रचना होती. त्याच सोलापूर पंपाच्या आधाराने पुढे ‘इंडिया मार्क टू’ घडला, १९७७ च्या सुमारास त्याचे उत्पादन सुरू झाले, आणि आज युगांडा, घाना, झांबिया, माली अशा कितीतरी देशांत हाच पंप दिसतो. युगांडात त्याला ‘यू-टू’ म्हणतात. तेव्हा कुवेतच्या किंवा कोकणातल्या दात्याच्या पैशातून युगांडात जो पंप बसतो त्याचे मूळ सोलापुरात सापडण्याची शक्यता बरीच आहे. वाचकांना हे ठाऊक असावे म्हणून थोडे विषयांतर केले.

आता हा पंप बंद कसा पडतो ते पाहू. मार्क टूच्या डोक्यात दोन बेअरिंग आणि एक साखळी असते, तिला ग्रीस लागते. खाली पाण्यात अडीच इंची पितळी सिलिंडर, त्यात कप वॉशर, पूर्वी चामड्याचे, आता नायट्राइल रबराचे. वॉशर स्वस्त आहे, हाताच्या तळव्यात मावतो. पण तो बदलायला सिलिंडर वर आणावे लागते. ३० मीटरवर सिलिंडर असेल तर तीन-तीन मीटरचे दहा जस्ती पाइप एकामागून एक ओढून सोडवायचे. पाइप, रॉड आणि आतले पाणी मिळून वजन दीडशे किलोच्या आसपास जाते. तिवई, क्लॅम्प, पाइप पाने आणि चार-पाच अनुभवी माणसे हवीत. आपल्याकडे जिल्हा परिषदेचे दुरुस्ती पथक गाडी घेऊन येते. जिथे असे पथक नाही तिथे तळव्याएवढ्या वॉशरसाठी पंप महिनोन् महिने बंद राहतो.

हीच अडचण ओळखून १९८० च्या दशकात मलावी आणि केनियात ‘आफ्रिदेव’ पंप घडवला गेला. त्याचा उभा पाइप पीव्हीसीचा आणि रुंद, म्हणून पाइप जागेवरच ठेवून नुसत्या रॉड हाताने वर घेतल्या की दट्ट्या बाहेर येतो. तळाची झडपही त्याच वाटेने एका आकड्याने वर काढता येते. रॉड एकमेकींत आकड्यांनी अडकवलेल्या असतात, अख्ख्या कामाला एकच पाना पुरतो, आणि गावातल्या बायकांनी अर्ध्या दिवसात हे काम करावे अशीच त्याची रचना आहे. यू-सील, बॉबिन, ओ-रिंग आणि हँडलचे प्लॅस्टिक बुश हे त्याचे झिजणारे भाग. यू-सील आणि बुश वर्षातून एकदा बदलावेतच, आवाज यायची वाट पाहू नये. बुश झिजूनही पंप चालवला तर हँडल डुगडुगते, मग धातूवर धातू घासतो, आणि थोडक्यात भागणारे काम अख्खे डोके बदलण्यावर जाते. दोन्ही पंप साधारण ४५ मीटर खोलीपर्यंतच चांगले चालतात. त्याहून खोल पाणी असेल तर दुसरा पर्याय शोधावा.

पंप कोणता हे ठरवताना देशाने कोणता प्रमाण मानला आहे ते आधी पाहावे. मलावीत आफ्रिदेवचे सुटे भाग तालुक्याच्या बाजारात मिळतात, तिथे कुणी प्रेमाने दुसराच पंप नेऊन बसवला तर तो पहिल्या बिघाडाबरोबर संपला.

दुसरे कारण पाण्याच्या गुणाचे. पश्चिम आफ्रिकेत आणि युगांडाच्या बऱ्याच भागात जुन्या खडकातले पाणी आम्लधर्मी असते. पीएच साडेसहाच्या खाली गेला की जस्ताचा थर टिकत नाही, पाइप आतून गंजतो, सकाळी पहिले पाणी तांबडे येते, कपड्यांना डाग पडतात, शिजवलेले अन्न काळसर दिसते. गावाला वाटते पाणीच वाईट, आणि बायका पुन्हा ओढ्यावर जातात. पंप चालू असूनही तो गावाने सोडलेला असतो, आणि कागदावर मात्र चालूच दिसतो. उपाय माहीत आहे: अशा ठिकाणी स्टेनलेस स्टीलचे किंवा पीव्हीसीचे पाइप घालायचे. खर्च वाढतो, म्हणून ठेकेदार टाळतो, आणि दात्याच्या अंदाजपत्रकात नुसते ‘पाइप’ एवढेच लिहिलेले असते. पूर्व आफ्रिकेच्या खचदरीत फ्लोराइडची अडचण आहे. लिटरला दीड मिलिग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा, तिच्या वर पाणी गेले तर मुलांच्या दातांवर डाग, पुढे हाडे वाकणे. किनाऱ्यालगत उपसा जास्त झाला की खारे पाणी आत सरकते, हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. पाण्याचा प्रयोगशाळेचा अहवाल पंप बसवण्याआधी हवा.

तिसरी गोष्ट ऋतूची. मलावीत पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल. मे महिन्यात खणलेल्या उथळ विहिरीला भरपूर पाणी लागते, फोटो सुंदर येतो, आणि ऑक्टोबरात तळ दिसतो. भूजलाची पातळी सर्वांत खाली असते ती पाऊस सुरू होण्याच्या तोंडावर. सिलिंडर त्या पातळीच्याही खाली बसले पाहिजे. बोअर झाल्यावर काही तास सलग उपसा करून पाणी किती उतरते आणि थांबल्यावर किती वेळात भरते हे मोजायचे असते. तासाला ९०० लिटर टिकून मिळाले तर हातपंपाला ते पुरेसे आहे. ठेकेदाराशी ‘पाणी लागले तरच पैसे’ असा करार करणे दात्याला शहाणपणाचे वाटते, पण मग कोरडी बोअरही ‘लागली’ म्हणून दाखवण्याचा मोह होतो. कोरड्या बोअरचेही ठरलेले पैसे द्यावेत आणि देखरेखीला ठेकेदाराशी संबंध नसलेला भूजलतज्ज्ञ असावा.

हिशेब करून पाहा. २५० माणसांना दिवसाला २० लिटर धरले तर ५,००० लिटर झाले. पंप मिनिटाला १२ लिटर देतो, म्हणजे सात तास हँडल थांबता कामा नये. त्याच पंपावर ६०० माणसे आली तर रांग रात्रीपर्यंत जाते आणि वॉशर निम्म्या काळात झिजतो. मोठ्या गावात एक भव्य विहीर देण्यापेक्षा दोन साधे पंप द्यावेत.

ओट्याबद्दलही लिहितो, कारण दात्याला तोच दिसतो. बोअरच्या केसिंगभोवती, म्हणजे बोअरच्या कडेच्या पाइपभोवती, वरचे निदान तीन मीटर सिमेंटने बंद केले नाहीत तर पावसाचे घाण पाणी पाइपच्या कडेने सरळ आत उतरते. ते फोटोत दिसत नाही, म्हणून तिथे सिमेंट वाचवले जाते. ओट्याच्या काँक्रीटवर सात दिवस पाणी मारायला हवे. पाहुणे परत जाणार म्हणून दुसऱ्याच दिवशी उद्घाटन उरकले तर वर्षाच्या आत ओटा फुटतो, फटीतून पाणी मुरते, भोवती चिखल होतो, डास होतात. सांडपाण्याची नाली सहा मीटर लांब नेऊन शोषखड्ड्यात किंवा भाजीच्या वाफ्यात सोडावी. संडास ३० मीटरच्या आत नको. आणि पंप मशिदीच्या कुंपणाच्या आत नको, रस्त्यालगत हवा. वजूला, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायला, पाणी लागते हे खरे, त्यासाठी नळी आत नेता येते. पण गावातल्या ख्रिस्ती किंवा इतर घरातल्या बाईला पहाटे चार वाजता कुणालाही न विचारता पाणी भरता आले पाहिजे. दान सगळ्यांसाठी आहे असे आपण म्हणतो, तर जागा निवडतानाच ते दिसावे.

पंपानंतर उरते ती माणसांची बाजू. साधारण दहाजणांची पाणी समिती, तीत निम्म्याहून अधिक बायका, कारण पंप कधी जड चालतो हे त्यांना आधी कळते. समितीतल्या दोघींना तरी पंप उघडून बंद करता यावा. दरमहा वर्गणी हा नियम कागदावर छान दिसतो, पण शेतकऱ्याच्या हातात पैसा येतो मक्याच्या सुगीला. तेव्हाच एकदा वर्षाची रक्कम किंवा धान्य गोळा केले तर जमते. पंपाची नोंद जिल्ह्याच्या पाणी कार्यालयात झालीच पाहिजे. नोंद नसलेला पंप सरकारी मिस्त्रीच्या यादीत नसतो, आणि बांधणारी संस्था देश सोडून गेली की त्याला वालीच उरत नाही.

इतके सविस्तर लिहिले ते या कामात खोट काढण्यासाठी नव्हे. आफ्रिकेत मुस्लिम संस्थांनी केलेले काम प्रचंड आहे, आणि त्यातले जे टिकले ते का टिकले हेही पाहण्यासारखे आहे.

कुवेतचे डॉ. अब्दुर्रहमान अल-सुमैत यांचे नाव मराठीत फारसे कुणी घेत नाही. जन्म १९४७ चा. बगदादमध्ये वैद्यकीय शिक्षण, लिव्हरपूलला उष्ण कटिबंधातल्या रोगांचा अभ्यास, कॅनडात मॅगिल विद्यापीठात पोटविकारांचा. १९८१ मध्ये त्यांनी ‘आफ्रिका मुस्लिम्स एजन्सी’ सुरू केली, तीच पुढे ‘डायरेक्ट एड’ झाली. सुरुवातीच्या कामात मलावी होते. १९९६ मध्ये त्यांना किंग फैसल पुरस्कार मिळाला आणि त्याची रक्कम त्यांनी आफ्रिकी मुलांच्या शिक्षणासाठी वक्फ म्हणून ठेवली. मूळ रक्कम जपायची, उत्पन्न वापरायचे. शेवटच्या वर्षांत ते मादागास्करच्या मानाकारा भागात जाऊन राहिले. २०१३ मध्ये ते गेले, पण संस्था चालू राहिली. झांझिबारला चुक्वानी इथे १९९८ मध्ये त्यांच्या संस्थेने काढलेले शिक्षक घडवणारे महाविद्यालय आज त्यांच्या नावाचे विद्यापीठ आहे. शाळा बांधण्याआधी शिक्षक घडवायचा, हा क्रम आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो.

त्यामागे इतिहास आहे. मलावीत सरोवराच्या काठच्या मांगोची, माचिंगा भागातले याओ लोक मुस्लिम. ब्रिटिश काळात शाळा होत्या त्या मिशनऱ्यांच्या, आणि मूल शाळेत घातले की धर्म बदलेल ही भीती पालकांना होती. ती निराधारही नव्हती. त्यांनी मुले घरी ठेवली, आणि पुढच्या पिढ्यांत डॉक्टर, शिक्षक, कारकून या भागातून कमी निघाले. केनियाच्या किनाऱ्यावरही हेच झाले. त्यामुळे इथे मुस्लिम संस्थेने काढलेल्या शाळेत आईबाप निर्धास्त मूल पाठवतात, हा धर्माचा खरा उपयोग. मात्र चूकही इथेच होते. नुसते अरबी आणि कुराण शिकवणाऱ्या शाळेचे प्रमाणपत्र देशाच्या परीक्षा मंडळाला चालत नाही. मुलगा दहा-बारा वर्षे शिकतो आणि त्याला ना माध्यमिक शाळेत प्रवेश, ना नर्सिंगला, ना नोकरी. म्हणून विचारायचा प्रश्न एकच: या शाळेतली मुले सरकारी परीक्षेला बसतात का, आणि गेल्या वर्षी किती बसली?

मोम्बासात १९८६ मध्ये आगाखान फाउंडेशनने स्थानिक मुस्लिम पुढाऱ्यांच्या मागणीवरून बालवाड्यांचा जो कार्यक्रम सुरू केला, तो या बाबतीत आदर्श मानावा असा आहे. झांझिबार आणि युगांडातही तो गेला, दोनशेहून अधिक बालवाड्या झाल्या. पद्धत अशी. मागणी गावाने करायची, जागा गावाने द्यायची, समिती गावाची. शिक्षिका त्याच गावातल्या तरुण बायका, त्यांना प्रशिक्षण आणि मग दोन वर्षे नियमित भेटी. खेळणी विकत आणायची नाहीत, नारळाच्या करवंट्या, बाटल्यांची झाकणे, शिंपले यांतूनच बनवायची. दिवसाची सुरुवात कुराणातल्या आयतींनी आणि स्वाहिली गाण्यांनी, पुढे मोजणे, रंग, गोष्टी. दोन वर्षांनी ठरलेल्या कसोट्या लावून बालवाडी ‘उत्तीर्ण’ करायची. आणि त्याच वेळी तिच्या नावे एक लहान निधी ठेवायचा, गावाने जमवलेल्या पैशात संस्थेने भर घालायची, सगळ्या बालवाड्यांचे निधी एकत्र गुंतवायचे, उत्पन्नातून शिक्षिकेच्या पगाराला हातभार. पगार पूर्ण भागत नाही, फीही घ्यावीच लागते. पण फी थकली त्या महिन्यात शिक्षिका निघून जात नाही, आणि बालवाड्या बंद पडतात त्या बहुधा अशाच एखाद्या महिन्यात.

आरोग्याच्या कामांत मोतीबिंदूची शिबिरे सर्वांत लोकप्रिय आहेत, आणि ती असावीत. लहान छेदाची, टाका न घालता होणारी शस्त्रक्रिया सराईत हातांत दहा मिनिटांच्या आत होते, वीज गेली तरी अडत नाही, आणि भिंगे मदुराईत १९९२ पासून स्वस्तात बनू लागल्यापासून खर्चाचा मोठा भाग उतरला आहे. पण एका आठवड्यात शेकडो डोळे हा आकडा मिरवण्याआधी काही गोष्टी पाहाव्यात. डोळ्याची लांबी मोजून भिंगाचा नंबर ठरवला, की सरसकट एकच नंबर बसवला? शस्त्रक्रियेआधी पाच टक्के पोव्हिडोन आयोडीन या जंतुनाशकाचा थेंब घालून तीन मिनिटे थांबले का? डोळ्यात जंतू शिरून पू होणे हे शिबिरातले सर्वांत मोठे संकट, आणि ही तीन मिनिटेच घाईत गळतात. दुसऱ्या दिवशी पट्टी कुणी काढली, महिन्याभराचे थेंब दिले का, पाचव्या-सहाव्या आठवड्यात पुन्हा नजर तपासून चष्मा दिला का? वर्ष-दोन वर्षांनी काहींच्या भिंगामागचा पातळ पापुद्रा धुरकट होतो, त्याला लेझर लागते, आणि लेझर असते राजधानीत. म्हणून शिबिराचा काही पैसा त्याच जिल्ह्यातल्या क्लिनिकल ऑफिसरला मोतीबिंदूचे प्रशिक्षण देण्यात गेला पाहिजे. मलावी, केनिया, टांझानिया या देशांत डॉक्टर नसलेल्या अशा अधिकाऱ्यांना रीतसर शिकवून शस्त्रक्रिया करू देतात. पाहुणे सर्जन विमानाने परत जातात, हा माणूस तिथेच राहतो.

श्रद्धेचा आणि आरोग्याचा संबंध किती जवळचा आहे हे उत्तर नायजेरियाने दाखवले. २००३ मध्ये कानो राज्यात पोलिओचे डोस थांबवले गेले, लसीत वंध्यत्व आणणारे काही आहे असा संशय पसरला होता. सुमारे अकरा महिने मोहीम बंद होती आणि तिथला विषाणू इतर देशांत पोचला. शंका मिटायला मुस्लिमबहुल इंडोनेशियात बनलेली लस मागवावी लागली, आणि पुढची कैक वर्षे अमीर (तिथले पारंपरिक मुस्लिम राजे), इमाम, मदरशांचे शिक्षक यांनी स्वतः मुलांना डोस पाजून दाखवले. ऑगस्ट २०२० मध्ये आफ्रिका नैसर्गिक पोलिओ विषाणूपासून मुक्त जाहीर झाली. शुक्रवारच्या खुतब्यातली, म्हणजे नमाजाच्या वेळच्या प्रवचनातली, पाच मिनिटे कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक काम करतात. इमामाच्या प्रशिक्षणावर खर्च केलेला पैसा आरोग्यावरच खर्च झाला असे आम्ही मानतो.

दक्षिण आफ्रिकेतले डॉ. इम्तियाज सुलेमान यांनी १९९२ मध्ये काढलेली ‘गिफ्ट ऑफ द गिव्हर्स’ ही संस्था आणखी एका कारणासाठी पाहावी. भारतीय वंशाचा हा डॉक्टर, संस्था मुस्लिम, पण मदत घेणाऱ्याचा धर्म विचारायचा नाही हा पहिल्या दिवसापासूनचा नियम. २०१९ च्या दुष्काळात मखांडा शहराचे पाणी आटले तेव्हा त्यांनी भूशास्त्रज्ञ बरोबर नेला आणि मगच बोअर घेतल्या.

आता पैशाच्या प्रकाराबद्दल, कारण इथे देणारे गोंधळतात. जकात म्हणजे मुस्लिमांवर बंधनकारक असलेले वार्षिक दान. ती कुणाला द्यायची याचे आठ प्रकार सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत दिले आहेत. बहुतेक उलेमांच्या, म्हणजे धर्मपंडितांच्या, मते विहीर, मशीद, शाळेची इमारत त्यांत बसत नाही, आणि हनफी या धर्मशास्त्रीय पंथाच्या मतात तर जकात गरिबाच्या मालकीची व्हावी लागते. म्हणजे जकातीतून विद्यार्थ्याची फी त्याच्या हातात देता येईल, रुग्णाच्या शस्त्रक्रियेचा खर्च त्याच्या वतीने देता येईल, पण पंपाचे वॉशर घेता येणार नाहीत. दुरुस्ती, पगार, बांधकाम हे सगळे सदका आणि लिल्लाह या ऐच्छिक दानांतून आणि वक्फमधून करायचे. कोकणी मुस्लिम आणि स्वाहिली किनाऱ्यावरचे मुस्लिम दोघेही शाफई या दुसऱ्या पंथाच्या मताचे, तेव्हा आपल्या आलिमांना विचारून जे कळेल ते बव्हंशी तिकडेही लागू पडेल. रत्नागिरी-रायगडातून केप टाउनला आणि मोम्बासाला गेलेली घराणी आहेत, त्यांच्याकडूनही खातरजमा करून घेता येते. संस्थेने जकात आणि सदक्याची खाती वेगळी ठेवली आहेत का, हे विचारणे अपमानाचे नाही. चांगली संस्था ते आपणहून सांगते. कुर्बानीचे तर सोपे आहे: जनावर त्याच जिल्ह्याच्या बाजारातून घ्यावे, पशुवैद्याने तपासावे, मांस त्याच दिवशी वाटावे, कारण शीतगृह नाही.

दात्यांना आमची विनंती अशी. शंभर रुपये विहिरीसाठी देणार असाल तर सत्तरच बांधकामाला द्या आणि तीस त्या पंपाच्या नावे ठेवायला सांगा. प्रमाण आमचे आहे, कुणी कमीअधिक करावे. संस्थेला पाच गोष्टी लेखी मागा: पाण्याचा अहवाल, पंपाचा प्रकार आणि पाइप कशाचे, सिलिंडर किती खोल, जिल्हा कार्यालयातला नोंदणी क्रमांक, आणि त्या भागातले पंप दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचे गाव. उद्घाटनाच्या फोटोऐवजी तिसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरातला फोटो मागा, पाणी पडत असलेला. पाटीवर आईवडिलांचे नाव असू द्या, पण त्याच पाटीवर बोअरची तारीख, खोली आणि नोंदणी क्रमांकही कोरायला सांगा, म्हणजे दहा वर्षांनी पंप उघडणाऱ्या मिस्त्रीला किती रॉड उतरवल्या आहेत ते वाचता येईल. नव्या पंपाबरोबर सुट्या भागांची पेटी द्या, आफ्रिदेव असेल तर अशी: यू-सील चार, बॉबिन चार, ओ-रिंग दोन, बुशचे दोन संच, एक पाना, झडप काढायचा एक आकडा. पेटी समितीतल्या बाईच्या घरी, किल्ली दुसरीच्या घरी. आणि ज्या गावात आधीच एक बंद पंप उभा आहे तिथे नवी बोअर घेण्याआधी तो उघडून पाहायला सांगा, कारण पुष्कळदा बोअर चांगली असते, पाणी असते, आणि खाली नुसता वॉशर गेलेला असतो.

आपले नम्र,
दोन वाचक, सोलापूर